सोसायटीच्या कम्प्युटरची ब्राउझर हिस्टरी: तीन पानांच्या प्रिंटवरून काय सिद्ध होतं?

वडगावकर

सिंहगड रोडला आमची जुनी सोसायटी आहे. ऑफिस म्हणजे पार्किंगमधली एक खोली, त्यात कपाट, टेबल आणि एक डेस्कटॉप. मेंटेनन्सच्या पावत्या, टँकरचा हिशेब, महावितरणची बिलं, सगळं त्यावरच. सांभाळायला एक मुलगा ठेवलाय, कामाला चोख.

परवाच्या कमिटी मीटिंगमध्ये सेक्रेटरींनी तीन पानांची प्रिंट टेबलावर टाकली. कम्प्युटरची देखभाल करणाऱ्या माणसाने कुठल्याशा फुकटच्या टूलने क्रोमची हिस्टरी एक्सेलमध्ये काढून दिलेली. रकाने चार: पत्ता, पानाचं शीर्षक, किती वेळा पाहिलं, शेवटचं कधी पाहिलं. त्यात क्रिकेटच्या सट्ट्याच्या साइटींचे पत्ते, एकापुढे आकडा ६१, आणि वेळा सगळ्या सकाळी दहा ते साडेअकराच्या. म्हणजे ऐन कामाच्या वेळेत. आमचं ऑफिस सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी पाच ते आठ. (मधल्या वेळात काय करता असं विचारू नका, पुण्यात आहोत.)

मुलगा म्हणतो, मी त्या साइटी उघडल्याच नाहीत, जाहिराती आपोआप उघडतात कधीकधी. खजिनदार म्हणतात, हे सापडलेलं एवढं, पुसलेलं किती असेल. पगार अडवून ठेवलाय. एकांनी तर ती पानं नोटीस बोर्डावर लावायची सूचना केली, ती मी कशीबशी थोपवली आहे.

मी बँकेतून निवृत्त, आयटीतलं कळत नाही. पण लेजरचा उतारा आणि मूळ व्हाउचर यांतला फरक कळतो, आणि हा मला उताराच वाटतोय. जाणकारांनी सांगावं.

कच्चा_लिंबू

६१ वेळा जाहिरात उघडते होय? हिंजवडीत आमच्याकडे असं सापडलं तर त्याच दिवशी लॅपटॉप जमा आणि गेटपास रद्द. तुम्ही सोसायटीवाले फार भिडस्त.

टॅब_बंद_करा

वाचतेय. आमच्या सोसायटीतही सेम प्रकार, फक्त तिथे यूट्यूब होतं.

हेक्सवाली

हेच काम करते, बाणेरला एका लॅबमध्ये, म्हणून जरा सविस्तर.

सगळ्यात आधी तो कम्प्युटर वापरणं थांबवा. क्रोम नुसतं उघडलं तरी स्वतःच्या फायलींत लिहायला लागतं, आणि ९० दिवसांपेक्षा जुन्या भेटी स्वतःहून काढून टाकतं. म्हणजे तुम्ही कमिटीत वाद घालत बसाल तोवर रोज मागचा एकेक दिवस गळत जाईल. डिस्क बाहेर काढून राइट ब्लॉकरमधून (डिस्क वाचू देतं पण तिच्यावर लिहू देत नाही असं यंत्र) जोडायची, पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे बिट न् बिट तंतोतंत प्रत, घ्यायची, तिचा हॅश (मजकुरातून काढलेला ठशासारखा आकडा, मजकूर जरा बदलला तरी तो बदलतो) कागदावर लिहून दोघांनी सह्या करायच्या, आणि पुढचं सगळं काम इमेजच्या प्रतीवर. तुमच्या देखभालवाल्याने चालू मशीनवर पेन ड्राइव्ह लावून टूल चालवलं असणार. झालं ते झालं, पण त्याने कुठलं टूल, कोणत्या तारखेला, किती वाजता चालवलं हे त्याच्याकडून लिहून घ्या.

आता ती एक्सेल. क्रोमची हिस्टरी ‘हिस्टरी’ याच नावाच्या, एक्स्टेन्शन नसलेल्या एका फाइलमध्ये असते. आतून ती एसक्यूलाइट डेटाबेस. त्यात बरीच टेबलं, पण इथे कामाची दोन. ‘यूआरएल्स’मध्ये प्रत्येक पत्त्याची एकच ओळ: एकूण भेटी, त्यांतल्या पत्ता टाइप करून किती, शेवटची भेट कधी. ‘व्हिजिट्स’मध्ये प्रत्येक भेटीची वेगळी ओळ. तुम्ही बँकेतले आहात, तुमच्याच भाषेत सांगते: पहिलं म्हणजे खात्याची शिल्लक, दुसरं म्हणजे एकेक व्यवहार. तुमच्या चार रकान्यांवरून स्पष्ट दिसतंय की त्याने फक्त शिल्लक छापून आणली आहे. ६१ हा आकडा केव्हाकेव्हा आणि कसा झाला, हे त्या तीन पानांत कुठेच नाही. ‘शेवटचं कधी’ ही वेळ ६१पैकी फक्त एका भेटीची आहे.

व्हिजिट्समध्ये ‘ट्रान्झिशन’ नावाचा रकाना असतो. भला मोठा आकडा, कधी उणे चिन्ह असलेला, म्हणून बघणारा घाबरून सोडून देतो. पण खरी गोष्ट तिथेच आहे. त्या आकड्याच्या शेवटच्या आठ बिट्समध्ये भेटीचा प्रकार असतो: ० म्हणजे लिंकवरून, १ म्हणजे पत्ता टाइप करून, ७ म्हणजे फॉर्म भरून, ८ म्हणजे पान पुन्हा लोड झालं. वरच्या बिट्समध्ये कळतं की पान रीडायरेक्ट होऊन, म्हणजे दुसऱ्या पत्त्यावरून आपोआप ढकललं जाऊन, आलं का, आणि आलं तर ते साखळीतलं पहिलं, शेवटचं की मधलं. एका क्लिकवर जाहिरातवाले चार पत्त्यांवरून फिरवतात. त्या फेऱ्यांचे पत्तेसुद्धा हिस्टरीत येऊन बसतात. शिवाय ‘फ्रॉम व्हिजिट’ रकान्यातून आधीची भेट कुठली ते मिळतं. सट्ट्याच्या साइटच्या मागे सर्च आहे, की फुकटात पीडीएफ जोडून देणारी एखादी साइट आहे, हे तिथे दिसेल.

आणि वेळ. क्रोम वेळ साठवतं ती १ जानेवारी १६०१ पासूनच्या मायक्रोसेकंदांत, आणि यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, जी आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे असते. फायरफॉक्स १ जानेवारी १९७० पासून मोजतं, तेही मायक्रोसेकंदांत. सफारी १ जानेवारी २००१ पासून, सेकंदांत. क्रोमचा आकडा दहा लाखांनी भागून त्यातून ११६४४४७३६०० वजा केले की युनिक्स वेळ, म्हणजे १९७० पासूनचे सेकंद, मिळते. ही वजाबाकी विसरलात तर सन २३९४ च्या आसपासची तारीख येते, म्हणजे चूक निदान ओरडून सांगते तरी. साडेपाच तासांची चूक मात्र गप्प बसते. टूलने यूटीसी छापलं आणि वाचणाऱ्याने ते भारतीय वेळ म्हणून वाचलं, तर कागदावर काहीच खटकत नाही.

वडगावकर, हे तुम्ही घरबसल्या तपासू शकता. त्याच एक्सेलमध्ये अशी नोंद शोधा जिची खरी वेळ तुम्हाला दुसरीकडून माहीत आहे. ऑनलाइन बिल भरल्याची पावती वगैरे.

बाजीराव_रोडवाला

उत्तम प्रतिसाद. एक जोड: अशा एक्सेल फायलींत मूळ टाइमस्टॅम्प असेल तर तो सतरा आकडी असतो, आणि एक्सेल पंधराच आकडे धरून ठेवतं, पुढचे शून्य करतं. इथे त्याने काही बिघडत नाही, पण कोर्टात समोरचा वकील ‘आकडे बदललेत’ म्हणून नाचू शकतो.

राइट ब्लॉकर तपकीर गल्लीत विचारायला जाऊ नका. विजेचं बटण हातात ठेवतील.

अ‍ॅड_काळाकोट

कायद्याच्या बाजूने थोडं.

१ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. जुन्या कलम ६५ बी चं काम आता कलम ६३ करतं. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रिंट पुरावा म्हणून द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं, आणि आता त्याचे दोन भाग आहेत: एक नोंद सादर करणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. दोन्हींत हॅश व्हॅल्यू लिहायची आहे. तुमच्या तीन पानांना हॅश कुठला आणणार?

हे प्रमाणपत्र ऐच्छिक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० ला अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या निकालात सांगितलं. आपल्या जालन्याच्या निवडणुकीचंच प्रकरण, उमेदवारी अर्ज वेळेत आला की उशिरा यावरून, आणि भांडण निवडणूक कार्यालयाच्या व्हिडिओ चित्रणावर. मूळ यंत्रच कोर्टात आणून त्याच्या मालकाने साक्ष दिली तर प्रमाणपत्राशिवाय चालतं, एवढी सवलत त्यात आहे. म्हणून सुद्धा तो डेस्कटॉप जपा.

सोसायटीच्या अंतर्गत चौकशीला पुरावा कायदा जसाच्या तसा लागू होत नाही हे खरं. पण नोटीस बोर्डाची कल्पना ज्यांची आहे त्यांना माझ्यातर्फे सांगा: भारतीय न्याय संहिता, कलम ३५६, बदनामी. फौजदारी प्रकरणात शिवाजीनगर कोर्टाच्या फेऱ्या त्यांनाच माराव्या लागतील.

कच्चा_लिंबू

ठीक आहे, आकड्याचं पटलं. पण खजिनदारांचा मुद्दा राहिलाच की. डिलीट केलेलं सगळं परत आणता येतं ना? मग आणा आणि मिटवा.

हेक्सवाली

हा समज सिनेमांनी करून दिलाय. एसक्यूलाइटमध्ये ओळ पुसली की ती जागा रिकामी म्हणून नोंदवली जाते आणि मजकूर तिथेच पडून राहू शकतो, हे बरोबर. पण ‘सिक्युअर डिलीट’ नावाची सोय चालू असेल तर पुसलेल्या जागी शून्यं लिहिली जातात, आणि क्रोम व फायरफॉक्स दोन्ही ती चालू ठेवून बनवलेले असतात. त्यामुळे डेटाबेसच्या पोटातून मागचं सगळं काढून देतो असं कुणी म्हणालं तर पैसे देण्याआधी विचार करा. वर डिस्क एसएसडी (चिपवाली डिस्क) असेल तर ट्रिममुळे, म्हणजे डिस्क मोकळी जागा स्वतःच साफ करते त्यामुळे, मोकळ्या झालेल्या जागेतून काही हाती लागणं कठीण.

फायरफॉक्सच्या ‘प्लेसेस’ या हिस्टरीच्या फाइलसोबत एक ‘वॉल’ फाइल असते, ताजे बदल आधी तिच्यात येतात. नवशिके नुसती मुख्य फाइल कॉपी करतात आणि शेवटचा भाग मागेच राहतो. किंवा मूळ जागेवरच फाइल एखाद्या व्ह्यूअरने उघडतात, मग वॉलमधला मजकूर मुख्य फाइलमध्ये मिसळतो आणि हॅश बदलतो. प्रती काढल्याशिवाय हात लावू नका म्हणते ते याचसाठी.

पुसलं की नाही हे मात्र बऱ्याचदा कळतं. व्हिजिट्समधल्या ओळींना चढते क्रमांक असतात. जुन्या टोकाचे क्रमांक गायब असतील तर ती ९० दिवसांची नेहमीची साफसफाई. मधलेच गायब असतील तर कुणीतरी निवडून पुसलंय. काय पुसलं ते कळलं नाही तरी पुसलंय एवढं सांगता येतं.

आणि हिस्टरीच्या बाहेर खुणा उरतात. डाउनलोड केलेल्या फाइलला विंडोज ‘झोन आयडेंटिफायर’ नावाची अदृश्य चिठ्ठी जोडतं, तिच्यात ती इंटरनेटवरून आल्याचं, आणि पुष्कळदा कुठल्या पत्त्यावरून तेही असतं. कॅश, कुकीज, उघड्या टॅबच्या सेशन फायली, साइटींनी स्वतः साठवलेला लोकल स्टोरेज. प्रत्येक ठिकाणी वेळेची खूण वेगळी, म्हणून त्या एकमेकींशी ताडून बघता येतात. सगळ्याच एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर मी अहवालावर सही करते.

टॅब_बंद_करा

आणि इनकॉग्निटो? म्हणजे, मैत्रिणीसाठी विचारतेय.

बाजीराव_रोडवाला

मैत्रिणीला सांगा: खिडकी बंद केली की त्या मशीनवरच्या हिस्टरीत ओळ राहत नाही. पण उतरवलेली फाइल राहते, राउटर आणि इंटरनेट देणाऱ्या कंपनीला कुठल्या साइटशी जोडणी झाली ते दिसू शकतं, आणि कम्प्युटर झोपवला असेल तर हायबरनेशन फाइलमध्ये मेमरीचे तुकडे सापडू शकतात. गूगलवर याच गैरसमजावरून अमेरिकेत २०२० मध्ये दावा झाला होता, २०२४ मध्ये गोळा केलेला डेटा पुसायचं कबूल करून त्यांनी तो मिटवला.

जुनी_फाइल

‘६१ वेळा’ वाचून फ्लोरिडाचा खटला आठवला. केसी अँथनी, २०११. मुलीच्या मृत्यूचा आरोप आईवर. सरकार पक्षाने कोर्टात सांगितलं की घरच्या कम्प्युटरवरून क्लोरोफॉर्मविषयीचं पान ८४ वेळा पाहिलं गेलं. देशभर मथळे. तो आकडा ज्या सॉफ्टवेअरने काढला होता ते बनवणाऱ्यालाच नंतर कळलं की आपल्या सॉफ्टवेअरने फायरफॉक्सची जुन्या पद्धतीची हिस्टरी चुकीची वाचली. खरी भेट एक. ८४ हा आकडा मायस्पेस या सोशल साइटचा होता. आधी दुसऱ्या सॉफ्टवेअरने काढलेल्या अहवालात एकच भेट दाखवली होती, पण गाजला तो ८४ च. तिची खुनाच्या आरोपातून सुटका झाली.

पुढचा भाग जास्त बोचरा. २०१२ मध्ये उघड झालं की तपासणाऱ्यांनी त्या निर्णायक दिवसाची फक्त इंटरनेट एक्सप्लोररची हिस्टरी पाहिली होती. फायरफॉक्समध्ये त्याच दिवशी गुदमरवण्याच्या पद्धतीबद्दलचा सर्च होता, स्पेलिंग चुकलेला, तो कुणी उघडलाच नाही. म्हणजे जे नव्हतं ते ठासून सांगितलं आणि जे होतं ते पाहिलंच नाही.

वडगावकर, त्या डेस्कटॉपवर क्रोमशिवाय आणखी काय आहे तेही पाहून घ्या. विंडोज असेल तर मायक्रोसॉफ्टचा एज ब्राउझर असणारच.

वडगावकर

सर्वांचे आभार. हेक्सवाली ताई, तुम्ही सांगितलेली युक्ती करून पाहिली. महावितरणचं बिल भरताना मी स्वतः त्या मुलाच्या शेजारी बसलो होतो. पावतीवर वेळ संध्याकाळी ५:५२. एक्सेलमध्ये त्याच पानापुढे १२:२२. बरोबर साडेपाच तास.

म्हणजे सट्ट्याच्या ‘सकाळी दहा ते साडेअकरा’ या वेळा प्रत्यक्षात दुपारी साडेतीन ते पाचच्या. तेव्हा ऑफिसला कुलूप असतं आणि तो मुलगा धायरीला घरी जेवायला गेलेला असतो. मी हे कमिटीत मांडलं. सेक्रेटरी म्हणाले, ‘मग तर आणखीच गंभीर आहे, बंद ऑफिसात येऊन बसत होता.’ किल्ली त्याच्याकडेही असते हे खरं.

कच्चा_लिंबू

सेक्रेटरींना दाद दिली पाहिजे.

हेक्सवाली

कुलूपबंद खोलीतली भेट म्हटलं की मी आधी सिंक, म्हणजे एकाच खात्याच्या सगळ्या यंत्रांवर हिस्टरी सारखी ठेवणारी सोय, बघते. त्या क्रोममध्ये कुठलं गूगल खातं लॉगइन आहे? सोसायटीचं असेल, आणि सिंक चालू असेल, तर त्याच खात्याने लॉगइन असलेल्या दुसऱ्या फोनवरच्या भेटी या डेस्कटॉपच्या डेटाबेसमध्ये येऊन बसतात. डेस्कटॉप तेव्हा बंद असला तरी पुढच्या वेळी चालू झाल्यावर येतात, आणि वेळ मात्र मूळ भेटीचीच राहते. साधी प्रिंट काढली तर स्थानिक भेट आणि आयात भेट यांत काही फरक दिसत नाही.

डेटाबेसमध्ये दिसतो. अलीकडच्या क्रोममध्ये व्हिजिट्सला ‘ओरिजिनेटर कॅश जीयूआयडी’ असा रकाना आहे. भेट याच मशीनवरची असेल तर तो रिकामा. दुसरीकडून आली असेल तर तिथल्या क्रोमची ओळख त्यात असते. ‘व्हिजिट सोर्स’ नावाचं टेबलही पाहा, तिथे ० म्हणजे सिंकने आलेली. सोबत विंडोजच्या इव्हेंट लॉगमध्ये त्या दिवशी मशीन किती वाजता चालू आणि बंद झालं ते ताडायचं. दुपारी साडेतीनला मशीन बंदच असेल तर किल्लीचा प्रश्न मिटला.

इमेज घेतली का?

वडगावकर

भाचा याच क्षेत्रात नोकरीला आहे, त्याने रविवारी येऊन घेतली. चेअरमन आणि तो मुलगा, दोघांसमोर. हॅश लिहून तिघांच्या सह्या. खातं सोसायटीचंच जीमेल आहे आणि सिंक चालू आहे. बाकीचं तो बघून सांगतो म्हणाला.

अ‍ॅड_काळाकोट

मुलाला समोर बसवून घेतलंत हे फार चांगलं केलंत. पुढे कुणी म्हणायला नको की नंतर आत काहीतरी घातलं.

वडगावकर

भाच्याने पाहिलं. त्याने दिलेला कागद समोर ठेवून लिहितोय, काही शब्द चुकले तर समजून घ्या.

त्या ६१ भेटींपैकी बहुतेकांपुढे तो ओरिजिनेटर रकाना भरलेला आहे, आणि सगळीकडे एकच ओळख. म्हणजे एकच दुसरं यंत्र. त्या वेळांना डेस्कटॉप बंद होता, इव्हेंट लॉगमध्ये जेवणाच्या सुट्टीआधी शटडाउन आणि पाचनंतर स्टार्ट अशीच नोंद आहे. उरलेल्या थोड्या भेटी डेस्कटॉपवरच्या, पण त्या सगळ्या रीडायरेक्टच्या, पत्ता टाइप करून एकही नाही, आणि मागे फुकट पीडीएफ जोडणारी साइट. ताईंनी न बघता सांगितलं होतं, कमाल आहे. टँकरची बिलं जोडायला तो मुलगा तीच वापरतो. मधले क्रमांक गायब नाहीत. एज नुसतं आहे, वापरलेलं नाही.

गूगल खात्याच्या सुरक्षेच्या पानावर यादी पाहिली. सोसायटीच्या जीमेलने पाच फोन लॉगइन आहेत. पासवर्ड मागच्या तीन कमिट्यांपासून तोच, सोसायटीचं नाव आणि पिनकोड. जुन्या कमिटीतले, आत्ताचे, एक तर फ्लॅट विकून वाकडला गेलेले.

टॅब_बंद_करा

पिनकोड!! 😂

कच्चा_लिंबू

मग त्या पाचांतला कोण ते शोधा की. आता तर रंगत आली.

हेक्सवाली

मी इथे थांबेन. ती ओळख एका क्रोमची आहे, माणसाची नाही. यादीतल्या फोनशी ती जुळवता आली तरी तो फोन कुणाच्या हातात होता हे डेटाबेस सांगत नाही. घरातल्या मुलांच्या हातात फोन असतोच. आणि कमिटीला लोकांचे खासगी फोन तपासायचा अधिकार नाही. पैशांचा अपहार वगैरे काही असतं तर शिवाजीनगरच्या सायबर पोलीस ठाण्यात जाऊन रीतसर तक्रार, मग ते जप्ती करतील, गणेशखिंडीच्या प्रयोगशाळेत पाठवतील. इथे तसा काही गुन्हा दिसत नाही. तुमचा प्रश्न त्या मुलाने केलं का एवढाच होता, आणि या डेस्कटॉपवर त्याने ते केल्याचं काही सापडत नाही.

पासवर्ड आजच बदला, सगळी यंत्रं लॉगआउट करा, टू-स्टेप चालू करा. पण त्याआधी त्या उपकरणांच्या यादीचा स्क्रीनशॉट तारखेसह घ्या, लॉगआउट केल्यावर ती तशी दिसणार नाही.

वडगावकर

स्क्रीनशॉट घेतला, पासवर्ड बदलला. मुलाचा पगार आज दिला. सेक्रेटरींचं म्हणणं आहे की ‘पगार दिला’ एवढंच मिनिट्समध्ये लिहावं. प्रिंटमधल्या वेळा कमिटीने चुकीच्या वाचल्या होत्या हेही मी लिहायला लावणार आहे, त्यावर पुढच्या मीटिंगला भांडण ठरलेलं आहे.

काळाकोट साहेब, त्या प्रमाणपत्राचा तज्ज्ञाचा भाग भाच्याने भरला तर चालेल का? की नात्यातला म्हणून हरकत घेतील?

अ‍ॅड_काळाकोट

हरकत घेतीलच. कोर्टात जायची वेळ आली तर बाहेरच्या तज्ज्ञाकडून त्याच इमेजवर पुन्हा तपासणी करून घ्या, हॅश जुळला की झालं. तोवर ती डिस्क पाकिटात सीलबंद करून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा, सोसायटीच्या कपाटात नको. त्या कपाटाच्या किल्ल्या किती जणांकडे आहेत ते तुम्हीच सांगू शकाल.